प्रेक्षकांच्या खुर्चीतून नगरपंचायतीची सभा : अडीच स्टार

एन्ट्री फुकट आहे. हे पहिलं सांगतो कारण गावातल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की सर्वसाधारण सभा म्हणजे नगरसेवकांचं खाजगी काम, आपल्याला आत घेत नाहीत. घेतात. १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा आहे त्याप्रमाणे सभा लोकांना खुली असते, अध्यक्षांनी मुद्दाम बंद ठेवली तर गोष्ट वेगळी. दारात शिपाई विचारेल काय काम आहे, सभा ऐकायला आलोय म्हणायचं आणि जिना चढायचा, तो बिचारा जरा गोंधळतो कारण असं कोणी येतच नाही.

कुठली नगरपंचायत ते सांगत नाही, कोकणातलीच आहे, आणि बाकीकडे पण थोड्याफार फरकाने हेच असणार.

मागे भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्यांची एक रांग, तीच आपली गॅलरी. पंखा आहे पण तो पुढच्यांसाठी. माईक नगराध्यक्षांकडे आणि मुख्याधिकाऱ्यांकडे, नगरसेवक तोंडाने बोलतात त्यामुळे जे ओरडतात तेवढेच मागे ऐकू येतात आणि जे अभ्यास करून आलेले असतात ते पुटपुटतात. विषयपत्रिका मागितली तर मिळते, पण त्यात लिहिलेलं काय तर "कार्यालयीन टिपणीवर विचार करून निर्णय घेणे". कसली टिपणी, किती पैशांची, काही नाही. सूचक कोण, अनुमोदक कोण, मंजूर, मंजूर, पुढचा विषय. आणि खरी गंमत शेवटी "आयत्या वेळचे विषय" निघतात तेव्हा, तोपर्यंत मागच्या खुर्च्यांवरचे चहा प्यायला गेलेले असतात. उठू नका. शेवटपर्यंत बसा.

आता मुख्य मुद्दा. वरच्या वाडीतल्या एक काकू उठल्या आणि विचारलं की मे महिन्यात टँकर दोन दिवसांनी येणार की चार दिवसांनी, एवढंच नक्की सांगा म्हणजे आम्ही हंडे तसे भरून ठेवू. (पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात मे महिन्यात टँकर लागतो हा विषय वेगळाच, त्यावर परत कधीतरी.) त्यांना लगेच खाली बसवलं, प्रेक्षकांनी सभेत बोलायचं नसतं म्हणून. आवाज चढवला नव्हता, शिवी नाही, काही नाही. नियमाने बघायला गेलं तर बसवणारे चुकले नाहीत, कारण सभेत बोलायचा हक्क सदस्यांचा, आपला फक्त ऐकायचा. पण ह्याच काकू नगरपंचायत व्हायच्या आधी ग्रामसभेत उभ्या राहून सरपंचांना धारेवर धरायच्या की! ग्रामसभेत मतदार हाच सभासद, १०० जण किंवा १५ टक्के मतदार यातले जे कमी तेवढे जमले की कोरम झाला, आणि त्याच्या आधी बायकांची वेगळी सभा. गुहागर, लांजा, कुडाळ, देवगड-जामसंडे, सगळीकडे ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, पदनामं बदलली, घरपट्टी वाढली म्हणून लोक कुरकुरले, पण उभं राहून विचारायची जागा गेली ह्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

मोठ्या शहरात निदान कागदावर तरी वॉर्ड समित्या असतात. ७४ व्या घटनादुरुस्तीने त्या सक्तीच्या केल्या त्या ३ लाख आणि त्यापेक्षा जास्त लोकसंख्येला, आणि आपल्याकडे रत्नागिरी शहर २०११ च्या जनगणनेत ७६ हजारांच्या आसपास. म्हणजे आपण ना गाव ना शहर, मधल्या मधे.

तिकडे अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९५३ पासून ब्राऊन ॲक्ट आहे, त्यात कौन्सिलच्या नेहमीच्या सभेत लोकांना बोलायला वेळ द्यावाच लागतो आणि कौन्सिलवर टीका केली म्हणून गप्प बसवता येत नाही. साधारण दोन-तीन मिनिटं प्रत्येकाला. तिथेही लोक वाट्टेल ते बोलतात, आरडाओरडा करतात, ते चालवून घेतात असं नाही, सभा चालूच देत नसतील तर बाहेर काढतात. पण आधी बोलू देतात.

प्रेक्षकांना पण मी पूर्ण मार्क देणार नाही. फोन वर धरून लाईव्ह करणारे दोघं होते, त्यांच्यामुळे एका नगरसेवकाला इतका चेव चढला की पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, दुरुस्तीवर बोलता बोलता राज्याच्या राजकारणावर पोचला, आणि मागून टाळ्या. मग दुसऱ्या बाजूचे उठले. अर्धा तास गेला, पाखाडी राहिली तिथेच. एका कंत्राटदाराची माणसं तर सरळ पुढच्या बाजूला येऊन उभी होती, त्यांना मात्र कोणी बसा म्हटलं नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकलं.

अडीच स्टार कशाचे म्हणाल तर एक सभा वेळेवर सुरू झाल्याचा, एक आत जाऊ दिल्याचा, अर्धा चहाचा. मला विचाराल तर सभा सुरू व्हायच्या आधी अर्धा तास नागरिकांसाठी ठेवावा, नाव नोंदवा, माणशी तीन मिनिटं, उत्तर तिथेच किंवा लेखी. सभा सुरू होण्याआधीचा वेळ आहे, त्याला कुठला नियम आडवा येतो?

तोपर्यंत जाणाऱ्यांसाठी. तुमचा प्रश्न आपल्या वॉर्डच्या नगरसेवकाला आधीच कागदावर द्या, व्हॉट्सॲपवर नको, आणि एक प्रत कार्यालयात देऊन आवक नंबर घ्या. आणि नंतर इतिवृत्त जरूर बघा कारण आपण ऐकलं ते आणि लिहिलं गेलं ते यात फरक असतो, २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ कागदपत्रं बघू देतात, अर्ज साध्या कागदावर. नाही म्हणाले तर माहिती अधिकार, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. सभेची तारीख ऑफिसच्या बाहेरच्या बोर्डावर लागते, घंटागाडीच्या वेळापत्रकाच्या खाली शोधा.