आरसी बोटीतलं इलेक्ट्रॉनिक्स पाण्यापासून वाचवायचंय: बंद डबा घ्यावा की कोटिंग करावं?

माझ्या पहिल्या 60 सेंटिमीटरच्या आरसी, म्हणजे रिमोट कंट्रोलवर चालणाऱ्या, बोटीत रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारा भाग) फुग्यात घातला होता आणि फुग्याच्या तोंडाला केबल टाय आवळला होता. दोन महिने बोट छान पळाली. मग एका रविवारी सुकाणू आपोआप डावीकडे ओढायला लागलं. घरी येऊन फुगा कापला, तर आत चमचाभर पाणी आणि प्लगच्या पिनांवर हिरवा थर. पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक राहिलं की चढतो, तसाच कळंक. ते पाणी कितीतरी दिवस आत मुरलेलं होतं आणि बाहेरून फुगा कोरडा ठणठणीत दिसत होता.

तेव्हापासून बोट बांधायला घेणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगतो. पाण्यापासून बचावाचे दोन वेगळे मार्ग आहेत. डबा पाण्याला आत येऊ देत नाही. सर्किटवर दिलेलं कोटिंग आलेल्या पाण्याला काही करू देत नाही. यातला कुठला तुमच्या बोटीला हवा, हे बोटीच्या वेगावर आणि पाणी गोडं की खारं यावर ठरतं.

पाणी येतं कुठून

झाकणाच्या फटीतून येणाऱ्या पाण्याची सगळ्यांना काळजी असते, म्हणून तिथे टेप लावलेली असते. खरं पाणी येतं पंखा फिरवणाऱ्या शाफ्टच्या नळीतून, कारण तिच्यातलं ग्रीस दर काही फेऱ्यांनी संपतं. दुसरी वाट सुकाणूच्या दांड्याची. तिसरी बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही: मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) थंड ठेवण्यासाठी बाहेरचं पाणी आत घेणारी सिलिकॉनची नळी. ती टोकावरून निसटली, की बोट स्वतःच आपल्या पोटात पंपासारखं पाणी भरते आणि पूर्ण वेगात हे मिनिटभरात होतं. नळीच्या दोन्ही टोकांना बारीक केबल टाय किंवा तारेचा वेढा द्या. कुठल्याही कोटिंगच्या आधी हे करायचं काम आहे.

आत आलेलं पाणी नेमकं काय करतं? रिसीव्हरला ईएससीतल्या बीईसीकडून (बॅटरीचा व्होल्टेज कमी करून देणाऱ्या भागाकडून) साधारण 5 ते 6 व्होल्ट मिळतात. पाण्याचं विघटन सव्वा व्होल्टच्या आसपास सुरू होऊ शकतं. म्हणजे शेजारशेजारच्या प्लस आणि मायनस पिनांमध्ये पाणी साचलं, की प्लसकडचं तांबं विरघळायला लागतं. बॅटरी जोडलेली असेल तोवर हे चालू राहतं. म्हणून बोट भिजली तर बाकी काही करण्याआधी बॅटरी काढायची.

डबा आणि कोटिंग, समोरासमोर

डब्याचा मोठा गुण म्हणजे तो उघडता येतो. रिसीव्हर बदलायचा, सर्वो (सुकाणू हलवणारी छोटी मोटर) तपासायचा, काही अडत नाही. स्प्रे नाही, वास नाही, चोवीस तास वाळवणं नाही. झाकणाला रबरी रिंग, तिला सिलिकॉन ग्रीस, सुकाणूचा दांडा बाहेर पडतो तिथे घडीचं रबरी बूट, म्हणजे दांड्यासोबत हलणारं लवचिक आवरण. संथ चालणाऱ्या टगबोटी, मच्छीमार नौका, एनसीसीच्या नेव्ही विंगमध्ये शिप मॉडेलिंग शिकलेली मुलं करतात तशी युद्धनौकांची मॉडेलं, यांना चांगला डबा पुरतो.

पण डब्याचे तीन दोष मला खुपतात.

पहिला, तो गळायला लागला की कळत नाही. माझ्या फुग्याचीच गोष्ट. बोटीच्या पोटात उघडं पाणी साचलं तर झाकण काढल्याबरोबर दिसतं आणि वाळतं. डब्यात गेलेलं पाणी तिथेच कोंडून राहतं.

दुसरा, दमट हवा. भर पावसाळ्यात तळ्याकाठी उभं राहून डबा बंद केला, की ती ओली हवाही आतच बंद होते. बोट गार पाण्यात उतरली की डब्याच्या भिंतींवर आतून दव धरतं. एक थेंबही गळलेला नसतो आणि तरी आत ओल असते. डबा घरी, पंख्याखाली कोरड्या हवेत बंद करावा आणि आत सिलिका जेलची पुडी टाकावी. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदलायची.

तिसरा दोष उष्णतेचा. 11.1 व्होल्टची बॅटरी आणि 60 अँपियर प्रवाह धरला तर सुमारे 666 वॅट होतात. त्यातले 5 टक्के ईएससीत वाया गेले असं समजा, तरी 33 वॅट उष्णता झाली. आपण वायरी जोडायला वापरतो तो छोटा सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच वॅटचा असतो. तो चालू करून बंद डब्यात ठेवायची कल्पना करून पाहा. वेगवान बोटीचा ईएससी डब्यात घालू नका, पाण्याने थंड होणारा असला तरी मोकळ्या हवेत ठेवा. डबा रिसीव्हर आणि सर्वोसाठी.

आता कोटिंग. सर्किट बोर्डावर पातळ, पारदर्शक थर द्यायचा. तांब्याच्या भांड्याला कल्हई करतो, त्याच हेतूने. वजन जवळपास शून्य, जागा लागत नाही, उष्णता फारशी अडत नाही. बोट उलटली, पोट पाण्याने भरलं, तरी रिसीव्हर चालू राहतो आणि बोट काठावर आणता येते. सेकंदाला दहा मीटर जाणाऱ्या बोटीसाठी हे फार मोलाचं आहे.

कोटिंग मुख्यतः दोन प्रकारचं वापरतात. ॲक्रिलिक लवकर वाळतं आणि सॉल्व्हंटने निघतं, त्यामुळे पुढे एखादी वायर परत जोडायची झाली तर सोपं पडतं. सिलिकॉन लवचिक असतं, उष्णता आणि धक्के जास्त सोसतं, पण एकदा बसलं की काढताना जीव जातो. रिसीव्हरला ॲक्रिलिक आणि ईएससीला सिलिकॉन, ही माझी पसंती.

कोटिंगचं यश मात्र पूर्णपणे हातावर अवलंबून आहे. बोर्ड आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करायचा, नाहीतर सोल्डरिंगचा फ्लक्स आणि बोटांचा घाम थराखाली अडकतो आणि गंज आतूनच सुरू होतो. प्लगच्या पिना आणि बाइंडचं (रिमोटशी जोडणी करायचं) बटण टेपने झाकायचं. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ द्यायचे. बऱ्याच कोटिंगमध्ये चमकणारं द्रव्य मिसळलेलं असतं. नोटा तपासायची यूव्ही टॉर्च मारली की थर उजळतो आणि सुटलेली जागा काळी दिसते. चिपच्या पायांच्या मागच्या बाजू हमखास सुटतात, तिथे तिरका प्रकाश टाकून बघा. पिनांवर कोटिंग जात नाही, त्यामुळे प्लग जोडण्याआधी त्यात डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरायचं. हे विसरलं तर बाकीची मेहनत वाया जाते.

सर्वोवर आंधळेपणाने स्प्रे मारू नका. आत स्थिती मोजणारा पोटेन्शिओमीटर असतो. त्याच्या घासणाऱ्या पट्टीवर थर बसला की सर्वो थरथरत राहतो. फक्त बोर्डाला ब्रशने कोटिंग, कव्हरच्या सांध्यांना सील आणि हॉर्नखाली (सर्वोच्या वरच्या फिरणाऱ्या पट्टीखाली) ग्रीस लावलेली छोटी रबरी रिंग, एवढंच करा.

इपॉक्सी आणि घरगुती उपाय

अख्खा बोर्ड इपॉक्सीत बुडवणं हा सगळ्यात पक्का उपाय आहे आणि परतीची वाट नसलेलाही. एक वायर तुटली की तो पार्ट फेकून द्यावा लागतो. साधं इपॉक्सी उष्णता कोंडतं, म्हणून ईएससीला ते नकोच. ईएससीवरच्या दंडगोल कपॅसिटरच्या डोक्यावर दाब सोडण्यासाठी खाचा असतात, त्या तर कशानेच बुजवू नयेत. स्वस्त रिसीव्हर आणि कायम खारं पाणी, एवढ्याच जोडीत मला इपॉक्सी पटतं.

बाथरूमच्या फटी भरायचं सिलिकॉन अनेक जण थेट बोर्डावर लावतात. त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर हात आवरा. वाळताना ते ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं सिलिकॉन घ्या, तेही सांध्यांपुरतं. पेट्रोलियम जेली नैसर्गिक रबराला कमकुवत करते, म्हणून रबरी बूट आणि फुग्यांपासून ती लांब ठेवा.

‘वॉटरप्रूफ’ लिहिलेला पार्ट घेतला तर?

घ्या, पण शिक्का वाचून. आयपी 67 म्हणजे धूळबंद आणि 1 मीटर खोल पाण्यात 30 मिनिटं. ही चाचणी संथ, गोड्या पाण्यातली. ताशी 40 किलोमीटर वेगाने पाण्यावर आदळताना पाण्याचा दाब साधारण 6 मीटर खोलीवर असतो तेवढा भरतो. शिवाय चाचणी नव्या पार्टवर होते, वर्षभर थरथरलेल्या सीलवर नाही. तरीही हाताने कोटिंग करायची सवय नसेल, तर वॉटरप्रूफ सर्वो आणि ईएससीवर जास्तीचे पैसे घालणं योग्यच आहे.

खाडीत चालवणार असाल तर

इथे माझं मत ठाम आहे: एकाच उपायावर विसंबू नका. समुद्राचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा साधारण शंभर पटींच्या घरात वीज वाहून नेतं. लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं आणि पाणी उडून गेलं तरी ते मीठ बोर्डावर राहून हवेतली ओल ओढत राहतं. खाडीचं मचूळ पाणीही फार मागे नाही. रिसीव्हरच्या बोर्डाला कोटिंग करून मग तो डब्यात घाला. घरी आल्यावर शाफ्ट, मोटर आणि नळ्या गोड्या पाण्याने धुवा. खारं पाणी बोर्डापर्यंत गेलं असेल तर आधी डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि उघडं ठेवून वाळवणं. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवल्याने मीठ निघत नाही. खाऱ्या पाण्यात बुडालेली लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी घरात आणू नका. बाहेर, पेट घेण्यासारखं काही जवळ नसेल अशा जागी ठेवा.

मग घ्यायचं काय

तळ्यात संथ चालणारं मॉडेल असेल तर डबा, सिलिका जेलसकट. धरणाच्या पाण्यात पळवायची वेगवान बोट असेल तर सगळ्या बोर्डांना कोटिंग आणि पोटात फोमचे तुकडे, म्हणजे पाणी भरलं तरी बोट तरंगते. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर वेगवान बोटीत रिसीव्हरला कोटिंग करा. तो बंद पडला की बोटीवरचा ताबाच जातो.

अँटेना दोन्ही पर्यायांत डेकच्या वर, उभ्या प्लास्टिकच्या नळीत हवी. रिमोटच्या 2.4 गिगाहर्ट्झ सिग्नलची लहर साधारण 12.5 सेंटिमीटर लांब असते आणि तारेचं उघडं टोक तिच्या पावपट, 31 मिलिमीटरच्या आसपास. तेवढं टोक पाण्याच्या रेषेखाली गेलं किंवा कार्बन फायबरच्या हलमागे (बोटीच्या सांगाड्यामागे) दडलं, तर रिसीव्हर कोरडा असूनही सिग्नल तुटतो.

डबा निवडलात तर बोटीत बसवण्याआधी एक चाचणी करा. आत रिसीव्हरऐवजी घडी केलेला टिश्यू पेपर ठेवा, वायरींच्या भोकांसकट सगळं बंद करा, वर वीट ठेवून बादलीत अर्धा तास बुडवा आणि अधूनमधून सुकाणूचा दांडा हाताने पुढेमागे करा. दांडा हलताना जे बूट गळतं, ते नुसतं बुडवून ठेवल्यावर गळत नाही. डबा बाहेरून पुसून, पूर्ण कोरडा झाल्यावरच झाकण उघडा, नाहीतर कडेचं पाणी टिश्यूवर पडून डबा उगाच नापास होतो.