ट्रिप्लिकेट बिलबुक: तीन प्रती, पण कुठल्या तीन?

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांना लागणारं कार्बनलेस (मध्ये कार्बन पेपर न घालता प्रती निघणारं) बिलबुक रविवार कारंजाजवळच्या एका प्रेसमध्ये छापून मिळतं. ५० सेट, म्हणजे १५० पानं. पांढरं, गुलाबी, पिवळं. काम चोख. नंबर तिन्ही पानांवर एका रेषेत येतो आणि पर्फोरेशनवर, म्हणजे बारीक छिद्रांच्या रेषेवर, पान सरळ फाटतं.

खटकतो तो ऑर्डर फॉर्म. त्यावर 'ओरिजिनल + ट्रिप्लिकेट' छापलंय. 'इन ट्रिप्लिकेट' म्हणजे मूळ प्रत धरून एकूण तीन. मूळ सोडून आणखी तीन हव्या असतील तर शब्द 'क्वाड्रुप्लिकेट'. त्यात जीएसटीचा नियम ४८ मालाच्या बिलाच्या तिसऱ्या प्रतीलाच 'ट्रिप्लिकेट फॉर सप्लायर' म्हणतो. म्हणजे अख्ख्या संचालाही तोच शब्द आणि शेवटच्या पानालाही तोच! म्हणून ऑर्डर देताना एकूण तीन प्रती असा आकडा सांगावा: पहिली ग्राहकाची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी आपली. नुसती सेवा देणाऱ्यांना दोनच प्रती लागतात, त्यांनी तिसऱ्या पानाचे पैसे घालू नयेत.

शब्द लॅटिन 'ट्रिप्लिकारे'वरून आला: 'ट्राय' तीन आणि 'प्लिकारे' घडी घालणं. 'मल्टिप्लाय'मध्येही हीच घडी आहे. लॅटिनने पट घड्यांनी मोजली, संस्कृतने पेडांनी: गुण म्हणजे दोरीचा पेड, त्रिगुण म्हणजे तिप्पट. आपला गुणाकार त्याच दोरीतला. फार सुंदर जोडी आहे ही.

आता कागद. वरच्या पानाच्या पाठीवर शाईच्या सूक्ष्म कुप्या असतात, तळाच्या पानाच्या तोंडावर त्यांना रंग आणणारा लेप, मधल्या पानाला दोन्ही. पेनाचा दाब पडला की कुप्या फुटतात. बायंडिंगमध्ये मधलं पान उलटं लागलं तर प्रती कोऱ्याच राहतात, म्हणून बुक घेताना पहिल्या आणि शेवटच्या सेटवर बॉलपेनने लिहून बघा. जेल पेन चालत नाही, दाब पुरत नाही. लिहिताना कव्हरचा पुठ्ठा तिसऱ्या पानाखाली सरकवायचा, नाहीतर पुढच्या सेटवरही बिल उमटतं. गठ्ठ्यावर जड वस्तू ठेवली की पानांवर निळे डाग पडतात.

छपाईला पूर्ण गुण. फॉर्म मात्र प्रेसने बदलायलाच हवा, आणि तोवर प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, तिन्ही प्रतींची नावं वाचल्याशिवाय सही करू नका.