‘फुकट’ फोनची किंमत: कॅरिअरकडून घेतलेला अँड्रॉइड वर्षभर वापरल्यावर

फोन चांगला आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे रडगाणं आहे ते बहुतेक फोनबद्दल नाहीच. स्क्रीन भर उन्हात दिसते, बॅटरी रात्री झोपेपर्यंत पुरते, घरातल्या पिवळ्या दिव्यातही कॅमेरा माणसांचे चेहरे बिघडवत नाही. चार्जिंग जरा सावकाश होतं आणि खिशात वजन जाणवतं, पण त्याची सवय झाली. हार्डवेअरचं प्रकरण इथे संपलं.

प्रश्न आहे तो फोन घेतला कुठून याचा. मी तो न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मोबाइल कंपनीच्या दुकानातून घेतला. इथे अमेरिकेत तिला सगळे कॅरिअर म्हणतात. जुना फोन द्या, नवा ‘फुकट’ न्या, अशी योजना होती. मूळ किंमत ८०० डॉलर, हप्ते ३६. दर महिन्याच्या बिलात दोन ओळी येतात: हप्ता २२.२२ डॉलर आणि त्याच्याखाली सवलत, उणे २२.२२ डॉलर. बेरीज शून्य. बिल बघताना बरं वाटतं. पण या दोन ओळींचा अर्थ असा की फोन तीन वर्षं तुमच्या खिशात असला तरी चावी कंपनीकडे असते.

बायकोने त्याच सुमारास हेच मॉडेल थेट उत्पादकाकडून रोख पैसे देऊन घेतलं, अनलॉक्ड, म्हणजे कुठल्याही कंपनीचं सिम चालणारं. तिच्याकडे बदल्यात द्यायला धड जुना फोन नव्हता, एवढंच कारण. त्यामुळे आमच्या जेवणाच्या टेबलावर एकच फोन दोन अवतारांत शेजारी शेजारी पडलेला असतो, आणि तुलना करायला यूट्यूबवर जायची गरज पडत नाही.

पहिला फरक सिक्युरिटी पॅचचा, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणाऱ्या छोट्या अपडेटचा. सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या भागात खाली गेलात की पॅचची तारीख दिसते. गूगलने २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाचं मोठं भगदाड सापडल्यावर दर महिन्याला सुरक्षा पॅच काढायला सुरुवात केली. ही तारीख तेव्हाची देणगी. बायकोच्या फोनवर चालू महिना असतो, माझ्यावर एक महिना मागचा, कधी दोन. आणि ‘अपडेट तपासा’ दाबलं की माझा फोन बेधडक सांगतो, ‘तुमचं सॉफ्टवेअर अद्ययावत आहे’. हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. उशीर समजू शकतो, पण शेजारच्या ताटात वाढलेलं दिसत असताना ‘जेवण झालं’ म्हणून सांगणं म्हणजे कमाल आहे.

नवी अँड्रॉइड आवृत्ती आली तेव्हा तर जवळपास दोन महिन्यांचं अंतर पडलं. कॅरिअरच्या चॅटवर विचारलं तर उत्तर आलं, ‘अपडेट टप्प्याटप्प्याने दिलं जात आहे, वेळापत्रक उत्पादक ठरवतो’. उत्पादकाला विचारलं तर म्हणे, ‘आमच्याकडून तयार आहे, तुमच्या कॅरिअरची मंजुरी बाकी आहे’. टोलवाटोलवी आपल्याला नवी नाही, तलाठी कचेरीपासून पाहिली आहे. फक्त इथे दोघेही प्रत्येक वाक्यानंतर ‘तुमचा दिवस आनंदात जावो’ म्हणतात.

तरी कॅरिअरची बाजूही सांगायला हवी. अँड्रॉइडचं अपडेट गूगलकडून निघतं, चिप बनवणाऱ्याकडे जातं, तिथून फोन कंपनीकडे, आणि अमेरिकेत शेवटी कॅरिअरच्या चाचणीतून बाहेर पडतं. ९११ या आणीबाणीच्या नंबरला लावलेला कॉल लागतो का, व्होल्टी (४जी नेटवर्कवरून होणारे कॉल) आणि वाय-फाय कॉलिंग नीट चालतं का, आणीबाणीचे सरकारी संदेश येतात का, हे तपासावं लागतं आणि ते तपासायलाच हवं. रात्री दोन वाजता कुणाच्या तरी छातीत दुखत असताना ९११ लागला नाही तर ‘पण बटणं किती गोल दिसतात’ म्हणून समाधान होणार नाही. गूगलने २०१७ मध्ये ट्रेबल नावाची रचना आणून चिपशी संबंधित भाग बाकीच्या ओएसपासून, म्हणजे फोनच्या मूळ सॉफ्टवेअरपासून, वेगळा केला, आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून ओएसचे काही तुकडे थेट प्ले स्टोअरच्या वाटेने यायला लागले. त्यामुळे परिस्थिती पूर्वीइतकी वाईट राहिलेली नाही. पण अनलॉक्ड फोनही त्याच नेटवर्कवर चालतो, त्याच टॉवरला लागतो, त्याच ९११ ला कॉल करतो, आणि त्याला अपडेट आधी मिळतं. मग माझ्या फोनवर जास्तीची चाचणी नेमकी कशाची चालते?

याचं उत्तर मला फोन सुरू करताना मिळतं. उत्पादकाच्या लोगोनंतर कॅरिअरचा लोगो येतो. आत कॅरिअरची चार-पाच अ‍ॅप्स बसलेली असतात, त्यांतली काही काढता येत नाहीत, फक्त झोपवता येतात. मोठं अपडेट झालं की पत्त्यांचे आणि गोळ्या फोडायचे खेळ न मागता परत येऊन बसतात. म्हणजे हे सगळं नव्या ओएसवर नीट चालतंय ना, तेही कुणीतरी तपासत असणार. चाचणीचा किती वेळ ९११ साठी आणि किती त्या खेळांसाठी, हे बाहेर कुणी सांगत नाही.

हे आजचं नाही. पहिला आयफोन २००७ च्या जूनमध्ये आला तेव्हा अमेरिकेत तो एकट्या एटी अँड टीवर मिळायचा, आणि व्हेरायझनवर यायला २०११ चा फेब्रुवारी उजाडला. अ‍ॅपलने मक्तेदारी दिली, पण बदल्यात सॉफ्टवेअर स्वतःच्या हातात ठेवलं. आयफोनवर कॅरिअरचा लोगो नाही, कॅरिअरची अ‍ॅप्स नाहीत. म्हणून आजही आयओएसचं अपडेट सगळ्या कॅरिअरच्या ग्राहकांना एकाच दिवशी येतं. त्या सौद्यालाही मर्यादा होत्याच. २००९ च्या जूनमध्ये आयफोनच्या ओएसमध्ये एमएमएस आलं, पण अमेरिकेतल्या ग्राहकांना एटी अँड टीने ते सुरू करून दिलं २५ सप्टेंबरला. जगात इतरत्र लोक फोटो पाठवत होते आणि ज्या देशात फोन जन्मला तिथले लोक वाट बघत होते. फोनवरून लॅपटॉपला इंटरनेट द्यायची सोय तर पुढच्या वर्षी आली.

अँड्रॉइडने उलटा सौदा केला. कॅरिअरला हवं ते भरा, हवा तसा रंग लावा, फक्त फोन विका. त्यातून गूगलच्या स्वतःच्या नावाने निघणारे नेक्सस फोनसुद्धा सुटले नाहीत. व्हेरायझनवरच्या गॅलेक्सी नेक्ससला जेली बीन, म्हणजे अँड्रॉइडची तेव्हाची नवी आवृत्ती, मिळालं २०१२ च्या सप्टेंबरमध्ये, तर तोच फोन ज्यांनी खुल्या जीएसएम रूपात, म्हणजे कॅरिअरच्या कुलपाशिवाय, घेतला होता त्यांना ते जुलैतच मिळून गेलं होतं. म्हणजे आमच्या टेबलावरचं दृश्य तेव्हाही कुठल्या तरी घरात दिसत असणार.

आता कुलपाकडे येतो, कारण अपडेटपेक्षा जास्त मनस्ताप त्याने दिला. अपडेट उशिरा येतं, पण येतं. कुलूप मात्र हप्ते फिटेपर्यंत हलत नाही. माझ्या फोनमध्ये दोन सिमची सोय आहे, जाहिरातीत तसं ठळक लिहिलंही होतं. पण लॉक असेपर्यंत दुसऱ्या कंपनीचं सिम, प्रत्यक्ष असो वा ई-सिम (कार्ड नसलेलं, फोनमध्येच नोंदवलेलं सिम), तो घेत नाही.

इथल्या कुणाला याने फारसा फरक पडत नसेल. आपल्याला पडतो. भारतातलं बँक खातं, म्युच्युअल फंड, आयकराचं पोर्टल, आधार, सगळ्याचा ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. नाताळच्या सुट्टीत पुण्याला गेलो तेव्हा माझं जुनं भारतीय सिम या फोनमध्ये घातलं, तर सिम चालणार नाही असा संदेश येऊन कोड मागणारी चौकट उघडली. शेवटी तिथे भावाचा जुना फोन घेतला, त्यात सिम टाकलं आणि हॉटस्पॉट चालू करून माझा महागडा फोन त्याच्या जिवावर चालवला. रिक्षात बसलं की खिशात दोन फोन, आणि दुपारपर्यंत जुन्याची बॅटरी संपलेली. बायको शेजारी दोन सिम एकाच फोनमध्ये घालून निवांत. आई म्हणाली, ‘अरे, तिचा आणि तुझा फोन सारखाच दिसतोय ना?’ काय सांगणार.

युपीआयचं तेच. युपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेसह दहा देशांतल्या नंबरवर एनआरई-एनआरओ खात्यातून (परदेशी राहणाऱ्या भारतीयांच्या भारतातल्या खात्यातून) युपीआय वापरायची वाट मोकळी केली, पण त्यासाठी तुमची बँक आणि अ‍ॅप दोन्ही तयार असावी लागतात. माझी बँक नव्हती. भारतीय नंबरवर युपीआय सुरू करायचं तर ज्या फोनमध्ये अ‍ॅप आहे त्यातूनच त्या सिमचा एसएमएस जावा लागतो, म्हणजे पुन्हा लॉकपाशी गाडी अडली. भाजीवाल्याला क्यूआर स्कॅन करून पैसे द्यायला मला भावाला हाक मारावी लागायची.

एक गोष्ट मात्र कॅरिअरच्या बाजूने: पुण्यात वाय-फायवर असताना अमेरिकेतले कॉल वाय-फाय कॉलिंगवरून इथल्यासारखेच लागत होते, जास्तीचा एक पैसा न देता. ऑफिसचे दोन-तीन कॉल मी गच्चीत बसून निभावले.

परत आल्यावर अनलॉकचा अर्ज केला. नामंजूर. कारण, हप्ते शिल्लक. सगळे पैसे एकदम भरतो म्हटलं तर करारातलं बारीक अक्षर पुढे आलं: हप्ते मुदतीआधी फेडले तर उरलेली सवलत बंद. म्हणजे ‘फुकट’ फोनचे उरलेले सगळे पैसे मी खिशातून भरायचे, आणि बदल्यात दिलेला जुना फोन तर केव्हाच गेलेला. यात फसवणूक म्हणता येणार नाही, सगळं लिहिलेलं आहे. दुकानातला मुलगा मात्र ‘झिरो डॉलर’ एवढंच मोठ्याने म्हणतो.

कायदा काय म्हणतो, तेही त्यानिमित्ताने वाचलं. २०१३ च्या जानेवारीत अमेरिकेत नव्या फोनचं लॉक कॅरिअरच्या परवानगीशिवाय उघडणं बेकायदा ठरलं, कारण कॉपीराइट कायद्यातली सूट संपली. लाखाहून जास्त लोकांनी व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर याचिकेवर सह्या केल्या आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये ओबामांच्या सहीने अनलॉकिंगचा कायदा झाला. पण तो कायदा तुम्हाला कुलूप उघडायची मुभा देतो, हप्ते बाकी असताना चावी द्यायला कंपनीला भाग पाडत नाही. व्हेरायझनचं प्रकरण वेगळं होतं. २००८ च्या लिलावात घेतलेल्या ७०० मेगाहर्ट्झच्या लहरींसोबत फोन खुले ठेवायची अट आली होती, आणि २०१९ मध्ये एफसीसी या अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेने त्यांना चोरी आणि गैरव्यवहाराच्या कारणाने ६० दिवस लॉक ठेवायची परवानगी दिली. नियम बदलत राहतात, म्हणून घेताना त्या दिवशीचं धोरण वाचा, दुकानदाराच्या तोंडचं नाही.

भारतातल्या वाचकांना हे परग्रहावरचं वाटेल, कारण तिथे फोन एकीकडून घ्यायचा आणि सिम दुसरीकडून, हेच नेहमीचं. पण २००३ चे रिलायन्सचे सीडीएमए फोन आठवा, ५०१ रुपयांत मिळणारे. नंबर त्या फोनशीच बांधलेला असायचा. जिओफोनही जिओच्या सिमवरच चालायचा. आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ५जी सुरू झालं तेव्हा फोनमध्ये ५जी असूनही सॉफ्टवेअर अपडेट नसल्याने कितीतरी जणांना ते दिसेना. आयफोनवाल्यांना डिसेंबरच्या आयओएस १६.२ पर्यंत थांबावं लागलं. अपडेटसाठी ताटकळणं काय असतं, ते तिथेही माहीत आहे.

‘मग भारतातूनच फोन आणावा’ असं बरेच जण सुचवतात. जपून. एटी अँड टीने २०२२ च्या फेब्रुवारीत ३जी बंद केलं तेव्हा चालणाऱ्या फोनची यादी काढली, आणि यादीत नसलेल्या, पण व्होल्टी असलेल्या फोनचंही नेटवर्क गेलं. बँडही, म्हणजे फोन आणि नेटवर्क ज्या लहरींवर बोलतात त्याही, जुळावे लागतात. भारतातून आणायचाच असेल तर आधी कॅरिअरच्या संकेतस्थळावर फोनचा आयएमईआय (ओळख क्रमांक) टाकून बघा. आणि इथला आयफोन घेणार असाल तर २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेतल्या मॉडेलला सिमचा खणच नाही. भारतीय सिम भारतात असतानाच ई-सिम करून घेतलेलं बरं.

माझा मावसभाऊ ऑगस्टमध्ये एमएस करायला येतोय. त्याने हीच योजना पाठवून विचारलं, ‘दादा, घेऊ का?’ मी म्हटलं, भारताशी संबंध संपलेला असेल, एकच नंबर असेल आणि तीन वर्षं याच कॅरिअरकडे राहायची तयारी असेल, तर घे, पैशाच्या हिशेबात तोटा नाही. नाहीतर गेल्या वर्षीचं एखादं मॉडेल अनलॉक्ड घे, वर एखादा स्वस्त प्रीपेड प्लॅन. त्याने तेच ठरवलंय. मला अजून दोन वर्षं थांबायचं आहे, आणि तोवर भारतीय सिम एका जुन्या फोनमध्ये स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये चार्जरला लावून ठेवलंय. रोमिंगवर ओटीपी येतात. काही मिनिटं उशिरा येतात, तोवर बँकेचं पान बंद झालेलं असतं.