पंचगंगेत मासे मेले, तर मंडळ गाठायचं की हरित लवाद?

गळीत हंगामात नदीची धार बारीक झालेली असते. अशात कुणी मळीमिश्रित पाणी सोडलं की शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच पडतो आणि गावात वाद सुरू होतो: प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करायची, की हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांसाठीच्या न्यायाधिकरणात, केस टाकायची?

घाण थांबवायची असेल तर आधी मंडळ. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम ३३अ खाली मंडळ कारखाना बंद करू शकतं, त्याची वीज आणि पाणीही तोडायला लावू शकतं. त्यासाठी नुकसान सिद्ध होण्याची वाट बघावी लागत नाही. साखर कारखान्याला नदीत सोडायच्या पाण्यासाठी बीओडीची (घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते त्या मापाची) मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली, एवढं पुरेसं आहे.

गाडी अडते ती नमुन्यावर. तुम्ही बाटलीत भरलेलं पाणी कोर्टात पुरावा म्हणून टिकत नाही. कलम २१ प्रमाणे अधिकाऱ्याने कारखान्याला जागेवर नोटीस देऊन नमुना घ्यायचा, दोन भाग करून सील करायचे. नमुना फक्त नदीतला असेल तर घाण कुणाची हेच ठरत नाही, म्हणून कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी आणि त्याच्या वर-खाली नदीत, असे तीन तरी नमुने हवेत. पाण्यातला ऑक्सिजन तिथल्या तिथे रसायन घालून स्थिर करावा लागतो, बीओडीची बाटली बर्फात न्यावी लागते. सकाळपर्यंत थांबलात तर काळं पाणी पुढे निघून जातं. म्हणून मंडळाला फोन रात्रीच करा आणि नमुने घेताना पंचनाम्याचा आग्रह धरा.

भरपाई हवी असेल तर मात्र पुण्याचं हरित लवादाचं खंडपीठ. पीक, जनावरं, मासे, सगळ्यांचं नुकसान तिथे मागता येतं आणि समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. नुसत्या अर्जाला फी १,००० रुपये. भरपाई मागितली तर रकमेच्या एक टक्का, किमान १,०००. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. दिवाणी कोर्टाच्या वाटेला जाऊ नका. लवादाच्या कक्षेतले दावे तिथे चालत नाहीत.

पण लवाद बहुतेक वेळा समिती नेमतो, तिच्यात मंडळच असतं आणि ती मंडळाचीच जुनी कागदपत्रं चाळते. तक्रारच झालेली नसेल, तर त्या फाइलीत तुमच्या बाजूचं काहीच सापडत नाही.

एका ठिकाणी आमचा कौल उलटा आहे: कोल्हापूरच्या जयंती नाल्यासारखं शहराचं सांडपाणी. महापालिकेला टाळं लावता येत नाही, त्यामुळे मंडळाच्या नोटिसांना धार राहत नाही. तिथे मुदत घालून हुकूम देणारा आणि दंड बसवणारा लवादच कामाचा.

मंडळाच्या उत्तराची वाट बघत बसू नका. लवादात साध्या अर्जाची मुदत वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने आहे, भरपाईची पाच वर्षं. तुमचं पत्र मंडळाच्या टेबलावर पडून आहे म्हणून ती थांबत नाही. आवक शिक्क्याची प्रत जपून ठेवा, अर्जाला ती जोडायची आहे.