फॅलेनॉप्सिस की डेंड्रोबियम? आधी खिडकी बघा

नर्सरीत दोन्ही ऑर्किडं शेजारी ठेवलेली असतात आणि बहुतेक वेळा फॅलेनॉप्सिसच बाजी मारतं. मोठी, पसरट फुलं, तीही दोन-तीन महिने टिकणारी. त्यापुढे डेंड्रोबियमच्या काड्या किरकोळ वाटतात. पण नुसतं फूल बघून घेतलं की पुढच्या वर्षी पंचाईत होते.

दोन्ही मूळची झाडांच्या फांद्यांवर वाढणारी, त्यामुळे माती कोणालाच नको. कोळसा, विटांचे तुकडे, नारळाचं सोडण यांत भागतं. खरा फरक ऊन आणि थंडीचा.

फॅलेनॉप्सिसला पूर्वेची खिडकी किंवा पडद्याआडचा उजेड पुरतो. दुपारच्या उन्हात पानं करपतात. पाणी कधी घालायचं ते पारदर्शक कुंडीतून मुळंच सांगतात: चंदेरी दिसली की घाला, हिरवी असतील तर थांबा. घालायचं ते सकाळी आणि कडेने. पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहिलं तर शेंडा कुजतो, आणि या झाडाला शेंडा एकच. पुन्हा फुलण्यासाठी त्याला काही आठवडे गारवा लागतो, रात्री साधारण १८ अंशांपर्यंत. सतत २८च्या वर राहिलं तर पानं येत राहतात, दांडा मात्र येत नाही. पुणे-नाशिककरांना हे हिवाळा फुकटात देतो. मुंबईत आणि कोकणात ते अवघड. रोज रात्री एसी चालणारी खोली असेल तर आशा आहे.

डेंड्रोबियम (गुच्छांत दिसणारं जांभळं-पांढरं ‘सोनिया’ त्यातलंच) उकाड्याला घाबरत नाही. ग्रिलमध्ये तीन-चार तास कोवळं ऊन मिळालं की खूश. काड्यांत पाणी साठवलेलं असतं, त्यामुळे दोन दिवस गावाला गेलात तरी चालतं. पानं झडलेल्या जुन्या काड्या वाळक्या समजून कापू नका. हिरव्या असतील तर त्यांनाही फुलं येतात. फुलं टिकतात महिना-दीड महिना. थंडी मात्र त्याला सोसत नाही. नाशिकच्या कडाक्यात आत घ्या आणि पाणी कमी करा.

माझं मत विचाराल तर मुंबई-ठाण्यातल्या उन्हाच्या खिडकीला डेंड्रोबियम, पुण्यातल्या सावलीच्या फ्लॅटला फॅलेनॉप्सिस. अंधाऱ्या कोपऱ्यासाठी दोन्ही नकोत.

कोणतंही घ्या, कुंडीत मुळांच्या मधोमध शेवाळाचा ओला गोळा आहे का ते बोट घालून बघा. फुलं गळली की तो काढून टाका. पावसाळ्यात तो वाळतच नाही आणि मुळं तिथूनच सडायला लागतात.