नांदुरीचा घाट आणि शेडमधल्या तीन किल्ल्या

म्हसरूळला दिंडोरी रोडवर माझं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. आमच्या आबांच्या हिशेबात गाडी म्हणजे पिकअप, बाकी सगळं थेर. तरी सध्या दुकानामागच्या शेडमध्ये तीन थेरं उभी आहेत: मी नवीन घेतलेली २०१६ची अबार्थ पुंटो, नंतर सेकंड हँड घेतलेली फोर्ड मस्टँग जीटी आणि चुलतभावाची पोर्श ७१८ केमन. भाऊ कामानिमित्त दुबईला आहे. जाताना किल्ली हातात देऊन म्हणाला, "दादा, बॅटरी उतरू देऊ नको." नाही उतरू दिली. दर रविवारी काळजी घेतो.

ताकदीचे आकडे सगळ्यांना पाठ असतात, अनुक्रमे १४५, ४०१ आणि ३०० पीएस, म्हणजे हॉर्सपॉवर. पण गाडीचा स्वभाव मला कळला तो नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना. पहाटे सहाला, गर्दी व्हायच्या आत, ताशी चाळीस-पन्नासने. माकडं आणि पायी निघालेले भाविक असतात, त्यामुळे त्याहून जोरात जायचं कारण नाही आणि गरजही पडत नाही.

पुंटो आपल्या रांजणगावची. १.४ लिटरचं टी-जेट इंजिन खाली झोपलेलं असतं, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) भरला की एकदम अंगावर येतं. चढावरच्या आखूड वळणातून बाहेर पडताना पाय दाबला तर पुढच्याच चाकांनी ओढायचं आणि त्यांनीच वळायचं. मग स्टिअरिंग हातात वळवळतं, दोरीला धरलेलं वासरू जसं हिसके देतं तसं. जास्त घाईत शिरलात तर नाक बाहेरच्या कठड्याकडे निघतं. पाय थोडा सैल केला की परत येतं. स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, त्यामुळे खडी कुठे संपली आणि गुळगुळीत डांबर कुठे सुरू झालं हे तळव्यांना समजतं. बसायची जागा मात्र उंच, स्टुलावर बसल्यासारखी. त्यात गियरचा दांडाही लांब फिरवावा लागतो. मला सवय झाली, बायकोला अजून नाही.

मस्टँगमध्ये तुम्ही जवळजवळ मागच्या चाकांवर बसता आणि समोर ओट्याएवढं बॉनेट. पाच लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन त्या बॉनेटखाली, एकूण वजन अठराशे किलोच्या घरात. वळणात आधी नाक जातं, मग क्षणभराने आपण पोचतो. स्टिअरिंगमागचं गियर बदलायचं पॅडल दाबलं तर सहा गियरचा ऑटोमॅटिक आधी विचार करतो, मग ऐकतो. रुंदी एक मीटर नव्वदच्या वर. समोरून एसटी आली की मी पोट आत घेतो, उपयोग काही नसतो. पण टर्बो नसल्यामुळे पाय जेवढा दाबाल तेवढंच आणि तेव्हाच मिळतं, हा तिचा प्रामाणिकपणा मला आवडतो. तिची खरी जागा समृद्धीवर. एकशेवीसच्या मर्यादेत इंजिन नुसतं गुरगुरत असतं. इगतपुरीच्या बोगद्यात काच खाली करून, वेग न वाढवता दोन गियर खाली आणा आणि आवाज ऐका. मुलाने हे एकदा पाहिलं, तेव्हापासून कल्याणच्या आत्याकडे जायला तो कधीच नाही म्हणत नाही.

केमनचं मला सांगता येत नव्हतं, मग दुकानातला पोऱ्या पाइप उचलताना दिसला. वीस फुटी पाइप हातात घेऊन वळायचं तर टोक आधी झोकांडतं, मग आवरावं लागतं. तेवढंच वजन पोत्यात भरून कमरेशी धरलं तर माणूस जागच्या जागी वळतो. मस्टँग तो पाइप, केमन ते पोतं. इंजिन सीटच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे. स्टिअरिंग वळवायला आणि गाडी वळायला मध्ये वेळच जात नाही, जणू आपल्या कमरेभोवती फिरते. दोन लिटरचं इंजिन १९५० आरपीएमलाच ३८० न्यूटन मीटर जोर देतं, म्हणून घाटात पीडीकेला, म्हणजे पोर्शच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला, सारखे गियर बदलावेही लागत नाहीत.

आवाज मात्र नाही. चार सिलिंडर ते चारच. थंडीत सकाळी सुरू केली तेव्हा शेजारच्या काकांनी कंपाउंडवरून विचारलं, "डिझेल आहे का रे?" एवढ्या पैशांच्या गाडीबद्दल हे ऐकायला मन घट्ट लागतं.

नाशिकमध्ये रोज वापरायची तर उत्तर सोपं आहे. पुंटोचा ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर, स्पीडब्रेकरला ती भीत नाही. मस्टँगमध्ये मागे दोघं बसले की मी ब्रेकर तिरका घेतो आणि मागचे लोक हॉर्न वाजवतात. द्राक्षाच्या सीझनला ट्रॅक्टरच्या चाकांतून रस्त्यावर काळी माती पडते, त्यावर दव पडलं की मस्टँगचं मागचं अंग हलकं होतं. तेव्हा ओल्या रस्त्याचा मोड लावल्याशिवाय मी निघत नाही. शहरात ती लिटरला पाच देते, केमन आठ, पुंटो दहा-अकरा.

केमनने माझं एक नुकसान केलं. दोन महिने ती चालवून मस्टँगमध्ये बसलो आणि पहिल्याच वळणाला वाटलं, ही आता कधी वळणार? पूर्वी हाच उशीर मला रुबाब वाटायचा. पुंटोबद्दल असं झालं नाही, कारण ती हाताशी बोलते, केमन कमरेशी. मस्टँग कानाशी बोलते, आणि घाटात कान काय कामाचा?

म्हणून मस्टँग विकायला काढली आहे. शनिवारी संभाजीनगरचा एक जण बघायला येतोय. त्याला सांगितलंय, आठच्या आत या, थंड इंजिन सुरू करून दाखवतो. तो आवाज ऐकून मीच किंमत वाढवली तर रागावू नका, हेही सांगून ठेवलंय.