ऑक्टोबरात तळ्याकाठी दोन दिवस: पवना, भंडारदरा की सरळ बामणोली?

दसरा झाला की आमच्या ग्रुपवर तोच मेसेज पडतो, चला कुठेतरी तळ्याकाठी, केबिन बघा, कयाक (वल्ह्याची अरुंद छोटी होडी) असेल तर बघा, एक ट्रेक पण टाकू, आणि मग पुढचे पंधरा दिवस लोणावळ्याजवळचं पवना धरण का अकोले तालुक्यातलं भंडारदरा यावर मारामारी. दोन्हीकडे दोन-तीनदा जाऊन झालंय म्हणून एकदाचं लिहून टाकतो, यंदा कोणाला ठरवायचं असेल तर उपयोग होईल.

आधी ऑक्टोबरच का ते. धरणं काठोकाठ भरलेली असतात, म्हणजे केबिनसमोर खरंच पाणी असतं. हीच जागा मेमध्ये बघाल तर पाणी पार लांब गेलेलं आणि मधे नुसता वाळलेला गाळ. डोंगर अजून हिरवे, उतारांवर सोनकीची पिवळी फुलं, भातं पिकायला आलेली. दुपारी मात्र ऑक्टोबर हीट जबरदस्त, आणि पहिल्या पंधरवड्यात परतीचा पाऊस संध्याकाळी विजा घेऊन येतो, त्यामुळे शक्यतो महिन्याच्या उत्तरार्धात जा. कोजागिरी वीकेंडला धरून आली तर सोन्याहून पिवळं, फक्त बुकिंग लवकर करा आणि दूध घरून न्या.

पोचायला किती

इथे पवना सरळ जिंकतं. पुण्याहून कामशेतवरून पवनानगर दीड-दोन तास, मुंबईकरांना एक्स्प्रेसवेने लोणावळा आणि पुढे दुधिवरे खिंडीतून खाली. गाडी नसेल तरी लोकलने कामशेत आणि तिथून जीप. भंडारदऱ्याला मुंबईहून कसारा घाट, घोटी करत चार तास धरा, पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूर मार्गे पाच तरी. शनिवारी सकाळी निघून रविवारी परत यायचं असेल तर भंडारदऱ्याचं नावच काढू नका, अर्धा वेळ गाडीत जाईल आणि ड्रायव्हिंग करणारा मित्र सोमवारी तुमच्याशी बोलणार नाही.

केबिन आणि झोप

पवनेला पर्याय ढीगभर. लाकडी ए-फ्रेम (तिकोनी छपराच्या केबिन), तंबू, अख्खे बंगले, सगळं आहे, पण त्यातच गोम आहे. गेल्या वर्षी आम्ही 'लेक टच' म्हणून बुक केलेली केबिन पाण्यापासून एक रस्ता आणि दोन शेतं लांब निघाली, आणि शेजारच्या कॅम्पवर रात्री दीडपर्यंत स्पीकर चालू, झिंगाट तीनदा वाजलं. आम्ही तळ्याकाठी बसून दुसऱ्यांची पार्टी ऐकली असंच म्हणायचं. बुक करताना व्हिडिओ कॉलवर दारातून पाण्यापर्यंत चालत दाखवायला सांगा, आणि रात्री आवाज किती वाजता बंद होतो ते विचारा. रविवार-सोमवार सुट्टी काढता आली तर हीच पवना वेगळी दिसते.

भंडारदऱ्याला शेंडी गावाजवळ एमटीडीसीचं (राज्य पर्यटन महामंडळाचं) रिसॉर्ट आहे, बाकी होमस्टे आणि पाण्याकाठचे तंबू. गुळगुळीत फोटोवाल्या केबिन कमी, पण रात्री काळोख खरा काळोख असतो. जेवण म्हणाल तर मला इकडचंच आवडतं, नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि मावशी उठूच देत नाहीत, वाढत राहतात. पवनेच्या पॅकेजमध्ये बार्बेक्यूच्या नावाखाली चार काड्या पनीर-चिकन मिळतं. इंद्रायणी भाताच्या पट्ट्यात बसून जिरा राईस खायचा, हे मला अजून पचलेलं नाही.

कयाक

पवनेला बऱ्याच कॅम्पवर मिळतात, साध्या, वर बसायच्या, दोघांच्या. जड माणूस मागे बसवा आणि मागच्यालाच दिशा सांभाळू द्या, नाहीतर गोल गोल फिरत भांडण होतं (अनुभव). भंडारदऱ्याला जास्त करून बोटिंगच, कयाक मोजक्याच ठिकाणी, तेव्हा आधी फोन करून खात्री करा. पाणी भंडारदऱ्याचं जास्त, साधारण ११ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि पवना साडेआठच्या आसपास, आणि समोर रतनगडाची भिंत असल्याने वल्हवायला मजा तिकडे जास्त येते.

दोन्हीकडे सकाळी सात ते नऊ ही वेळ, तेव्हा पाणी आरशासारखं. उशिरा वारा सुटतो, म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा आणि येताना वाऱ्याबरोबर या, उलटं केलंत तर दमलेल्या हातांनी परत येता येत नाही. लाइफ जॅकेटचे बकल स्वतः ओढून बघा. आणि पोहायला उतरू नका. ही धरणं आहेत, काठ एकदम खोल जातो, खाली गाळ, आणि पोहता येणारेही बुडतात. दारू प्यायलेल्याला तर कयाककडे फिरकूही देऊ नका, मग तो कितीही जिगरी असो.

चालायचं किती

ग्रुपचा खरा निकाल इथे लागतो, आणि लोक नेमकं हेच विचारत नाहीत. पवनेभोवती तिकोना, तुंग, लोहगड, विसापूर असे चार किल्ले. तिकोना तासाभरात होतो, शेवटच्या उभ्या पायऱ्या सोडल्या तर सोपा, आणि वरून अख्खं तळं आणि समोर तुंग. सहाला निघून नाश्त्याला परत. लोहगडला पायऱ्या आहेत, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलाय, पण रविवारी तिथे जत्रा असते, मी तिकोनाच म्हणेन.

भंडारदऱ्याचा ट्रेक म्हणजे ट्रेक. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच, बारी गावातून चढायला तीन तास आणि वीकेंडला लोखंडी शिड्यांवर रांग. रतनगड मला त्याहून प्रिय, रतनवाडीतलं अमृतेश्वराचं कोरीव देऊळ बघून जंगलातून चढायचं, शिड्या, आणि वर नेढ्यात (कातळाला आरपार पडलेल्या भोकात) बसून वारा खायचा. यातलं काहीही केलं की दिवस संपला, कयाक दुसऱ्या दिवशी. सांदण दरीत ऑक्टोबरात पाणी असतं, ती थंडीसाठी ठेवा.

आणि बामणोली

साताऱ्याहून कासवरून खाली उतरलात की कोयना धरणाचा शिवसागर जलाशय, बामणोली त्याच्याच काठी. वासोटा किल्ल्यावर जायचं असेल तर बोटीने पलीकडे जाऊन घनदाट जंगलातून चढायचं, वन खात्याची परवानगी घेऊन, आणि संध्याकाळच्या आत परत. पावसाळ्यात बंद असतं, त्यामुळे सुरू झालंय का ते आधी विचारा. जळवा असतील. बोटीचे पैसे अख्ख्या बोटीचे, म्हणून आठ-दहा जण असाल तर परवडतं. कयाक मात्र इथे गृहीत धरू नका.

मग काय घ्यायचं? एकच रात्र असेल, किंवा ग्रुपमधले निम्मे 'मी खालीच थांबतो' म्हणणारे असतील, तर पवना, पण वीकेंड टाळून. दोन रात्री आणि सगळे चालणारे असतील तर डोळे झाकून भंडारदरा. लहान मुलं बरोबर असतील तर पवना, त्यात चर्चाच नको. आमचे यंदा आठ जण आहेत, त्यातल्या तिघांचे गुडघे गेलेत आणि एकाला रतनगडच हवाय, तर शेंडीत दोन रात्री ठरल्यात, पाच जण गडावर आणि तिघे अमृतेश्वराच्या पायरीवर चहा पीत बसणार.